उपचार म्हणून व्यायाम : खर्च कोणी उचलायचा?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची रुग्णसेवा आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली आहे. त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी आज एकच प्रश्न मांडणार आहे. मधुमेह, हृदयविकार, गुडघ्याची झीज, श्वसनाचे जुने विकार यांत व्यायाम हा सिद्ध झालेला उपचार आहे. मग गोळीला, स्टेंटला, शस्त्रक्रियेला समाज पैसे देतो, तसे या उपचाराला का देत नाही? फिजिओथेरपिस्ट म्हणून आयुष्य या कामात घालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, ते सुरुवातीलाच सांगते. हा खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा, आणि तो पहिल्या सत्रापासून व्हावा.

उपचार म्हणून व्यायाम म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करायला हवं. 'रोज थोडं चालत जा' हा सल्ला झाला. उपचारात आधी तपासणी असते. रुग्ण सहा मिनिटांत किती मीटर चालतो, किती धाप लागते, नाडी किती वाढते, खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता येतं, हे मोजलं जातं. त्यावरून मात्रा ठरते: कोणता व्यायाम, किती जोराने, किती वेळ, आठवड्यातून किती दिवस. मात्रा हळूहळू वाढवत नेतात, जाणकार माणूस समोर असतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजमाप होतं.

पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या रुग्णाचं उदाहरण घ्या. तंबाखू आणि मधुमेह ही त्याची दोन मोठी कारणं, म्हणजे आपल्या भागात असे रुग्ण कमी नाहीत. थोडं अंतर चाललं की पोटरी भरून येते, दुखू लागते, माणूस थांबतो. थांबलं की बरं वाटतं. घरचे प्रेमाने म्हणतात, "दुखतंय ना, मग कशाला चालता? बसा." उपचार नेमका उलटा आहे. बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ ओसरली की पुन्हा चालायचं. असं अर्धा ते एक तास, आठवड्यातून तीनदा, सलग तीन महिने. पोटरीचे स्नायू मिळेल तेवढा प्राणवायू अधिक चांगला वापरायला शिकतात आणि न थांबता चालण्याचं अंतर वाढत जातं. हे जाणकाराच्या देखरेखीखाली केलं, तर नुसत्या सल्ल्यापेक्षा फरक स्पष्टपणे जास्त पडतो, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. आज माझा सगळा आग्रह या एका गोष्टीवर उभा आहे. कागदावरच्या सल्ल्याला खर्च येत नाही. शिकवणाऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो.

मधुमेहात काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेऊ शकतो. व्यायामाचा हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा करू नये असं आम्ही सांगतो. गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढच्या स्नायूंत ताकद आली की सांध्यावरचा भार नीट पेलला जातो आणि दुखणं कमी होतं. फुप्फुसांच्या जुन्या विकारात, ज्याला आपण सीओपीडी म्हणतो, धाप लागते म्हणून माणूस हालचाल टाळतो. त्याने स्नायू खंगतात आणि मग थोड्या हालचालीनेही जास्त धाप लागते. हे चक्र तोडायला औषधाच्या जोडीला देखरेखीखालचा व्यायाम लागतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो: "आमची माणसं दिवसभर राबतात. त्यांना वेगळा व्यायाम कशाला?" या आक्षेपाला आदराने उत्तर दिलं पाहिजे, कारण तो कष्टकऱ्यांच्या बाजूने घेतलेला असतो. दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या बाईला ओझं किती उचलायचं आणि विसावा कधी घ्यायचा, हे ठरवण्याची मुभा नसते. दुखतो तोच गुडघा ती पुन्हा पुन्हा वापरते, आणि ज्या स्नायूंना ताकद हवी ते तसेच राहतात. उपचारात भार आपण ठरवतो, तो झेपेल तसा वाढवतो आणि मध्ये विश्रांती देतो. ज्यांच्या शरीराची झीज श्रमानेच झाली, त्यांना तर हा उपचार आधी मिळायला हवा.

या ज्ञानाची आधुनिक सुरुवात लंडनच्या दुमजली बसमध्ये झाली. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बसवर काम करणारे दोघे: चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिन्यावरून वर-खाली. चालकांपेक्षा वाहकांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर मृत्यूचं प्रमाणही कमी होतं. निरीक्षणाने एवढं दाखवलं. पुढच्या दशकांत प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. हृदयविकारानंतरच्या व्यायामाधारित पुनर्वसनाचा 2021 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने घेतलेला आढावा 85 चाचण्यांवर आधारलेला आहे. हृदयविकाराने होणारे मृत्यू, पुन्हा येणारा झटका आणि पुन्हा रुग्णालयात दाखल होणं, हे तिन्ही अशा पुनर्वसनाने कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आपल्या देशातला पुरावाही समोर ठेवते. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने साखर वाढू लागलेल्या, पण अजून मधुमेह न झालेल्या 531 जणांवर केलेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, ज्यांना नेहमीचा साधा सल्ला दिला होता त्यांपैकी 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांना आहार आणि व्यायामाचं पद्धतशीर मार्गदर्शन मिळालं, त्यांत हे प्रमाण सुमारे 39 टक्के राहिलं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीचा परिणामही जवळपास एवढाच होता, आणि दोन्ही एकत्र दिल्याने आणखी फायदा दिसला नाही. म्हणजे भारतीय शरीरात चालणं आणि आहार हे गोळीच्या तोडीचं औषध ठरलं.

अमेरिकेत याच प्रकारचा मोठा अभ्यास 2002 मध्ये आला. त्याचा आधार घेऊन तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, मेडिकेअरने, 2018 पासून असा मधुमेह-प्रतिबंध कार्यक्रम आपल्या लाभांत घेतला. आपल्या चेन्नईच्या अभ्यासाला इतकी वर्षं झाली. मधल्या काळात मधुमेही भारतीयांची संख्या 10 कोटींच्या वर गेली आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या 13 कोटींहून जास्त आहे, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 च्या अहवालाने सांगितलं. पुरावा आपल्या घरात तयार झाला, पण त्याच्यासाठी पैशाची तरतूद आपण केली नाही.

आता ज्या देशांनी ही तरतूद केली, त्यांच्याकडे पाहू. चार देशांचा अनुभव आपल्याला चार गोष्टी शिकवतो.

पहिला देश जर्मनी. तिथे दीर्घ आजाराच्या रुग्णाला पुनर्वसनासाठीचा सामूहिक व्यायाम मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. डॉक्टर ठरलेल्या अर्जावर लिहून देतात आणि आरोग्यविमा खर्च देतो. सर्वसाधारणपणे 18 महिन्यांत 50 सत्रं, हृदयरुग्णांसाठी 24 महिन्यांत 90 सत्रं. हे वर्ग बहुतेक ठिकाणी गावातली क्रीडामंडळं चालवतात. शिकवणाऱ्याला त्यासाठीचं खास प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि हृदयरुग्णांच्या गटावर डॉक्टरांची देखरेख असते. या हृदयगटांची सुरुवात 1965 मध्ये शोर्नडॉर्फ या छोट्या गावात झाली. पहिला धडा असा, की हा उपचार रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, गावातल्या माणसांच्या मंडळात, तरीही वैद्यकीय शिस्तीने चालू शकतो.

दुसरा देश नेदरलँड्स. तिथे मूळ आरोग्यविमा सर्वांना सक्तीचा आहे, पण ठरावीक जुन्या आजारांतसुद्धा फिजिओथेरपीची पहिली 20 सत्रं रुग्णाला स्वतःच्या खिशातून किंवा जादा विम्यातून भागवावी लागत. आता विचार करा, पायाच्या रोहिण्यांच्या ज्या रुग्णाचं मी वर्णन केलं त्याचा संपूर्ण उपचार तीन महिन्यांचा. म्हणजे उपचाराचा मोठा भाग त्याच्याच माथी. 2017 पासून त्यांनी या आजारासाठी नियम बदलला: पहिल्या सत्रापासून, वर्षभरात जास्तीत जास्त 37 सत्रं मूळ विम्यातून, प्रत्येक विमाधारकाला भरावा लागणारा वार्षिक हिस्सा तेवढा वगळून. पुढच्याच वर्षी खुब्याच्या आणि गुडघ्याच्या झिजेसाठी 12 सत्रं त्यात आली. दुसरा धडा हा: मदत दाराशीच हवी. आधी तुम्ही पैसे घाला, मग आम्ही देऊ, असं म्हटलं की गरीब माणूस उंबरठाच ओलांडत नाही.

तिसरा देश ऑस्ट्रेलिया. तिथे कुटुंबाचे डॉक्टर जुन्या आजारासाठी योजना लिहून देतात आणि तिच्या आधारे व्यायामतज्ज्ञाकडे जाण्यासाठी तिथल्या सरकारी आरोग्यविम्याचं (त्याचंही नाव मेडिकेअरच) अनुदान मिळतं. मात्र वर्षाला अशा पाचच भेटी मिळतात, आणि त्या पाचांत आहारतज्ज्ञ, पायाची काळजी घेणारे, फिजिओथेरपिस्ट असे सगळे आले. अनुदानापेक्षा फी जास्त असेल तर वरची रक्कम रुग्ण भरतो. मधुमेहाच्या रुग्णांना गटातली आठ सत्रं वेगळी मिळतात, ही चांगली सोय.   तिसरा धडा: सत्रांची संख्या शरीराच्या गरजेवरून ठरावी. पाच भेटींत शिकवता येतं, पण स्नायू घडवता येत नाही.

चौथा देश अमेरिका. हृदयविकारानंतर पुनर्वसनाची 36 सत्रं तिथल्या मेडिकेअरमध्ये मिळतात. तरीही 2016 मध्ये पात्र असलेल्या ज्येष्ठांपैकी सुमारे चौथाच हिस्सा त्यात सहभागी झाला, आणि स्त्रियांचा सहभाग पुरुषांहून कमी होता. सर्वसाधारणपणे रुग्णाला प्रत्येक सत्राचा 20 टक्के हिस्सा भरावा लागतो, केंद्र दूर असतं, घरची जबाबदारी असते, आणि डॉक्टरांनी आवर्जून पाठवलेलंही नसतं. चौथा धडा: कागदावर हक्क देऊन काम संपत नाही. माणसाला वर्गापर्यंत आणणं हाही त्या योजनेचाच खर्च आहे.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राने 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, 2013 मध्ये ती राज्यभर नेली, आणि आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. या योजनांनी पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या घरांना अँजिओप्लास्टी, बायपास, कर्करोगाचे उपचार मिळवून दिले. ज्या घरांत पूर्वी जमीन विकून हृदयाची शस्त्रक्रिया होत असे, त्या घरांसाठी याचं मोल किती, हे मी रोज पाहिलं आहे. 2017 मध्ये सरकारने स्टेंटच्या आणि कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तेही मोठं काम होतं.

पण या योजनांची रचना खाटेभोवती आहे. रुग्ण दाखल झाला की पैसे सुटतात. चालत आला, व्यायाम केला आणि चालत घरी गेला, तर सुटत नाहीत. परिणाम असा, की गुडघा बदलायचा झाला तर योजना आहे आणि तो बदलावा लागू नये यासाठी तीन महिने मांडीची ताकद वाढवायची तर योजना नाही. स्टेंट बसवलेला शेतमजूर घरी येतो. कोणी म्हणतं जड उचलू नको, कोणी म्हणतं जिना चढू नको. भीतीने तो खाटेवर बसून राहतो आणि कामावर परतायला वर्ष घालवतो. त्याच्या हृदयावर समाजाने भरपूर पैसे खर्च केलेले असतात. ते हृदय पुन्हा कामाला कसं लावायचं, हे शिकवायला मात्र पैसे नसतात.

यावर उपाय शोधायला परदेशात जायची गरज नाही. जीवनदायीच्या मूळ रचनेत 971 उपचारांबरोबर 121 पाठपुरावा पॅकेजेस ठेवली होती: घरी गेल्यावर पुढची तपासणी, चाचण्या आणि औषधं. म्हणजे रुग्णालयातून बाहेर पडल्यावरही उपचार चालू असतो आणि त्याचे पैसे योजनेने द्यायचे असतात, हे तत्त्व आपल्या राज्याने कधीच मान्य केलं आहे. त्या पाठपुराव्यात व्यायामाची मालिका घालायची, एवढीच माझी पहिली मागणी आहे. अँजिओप्लास्टी आणि बायपासच्या रुग्णांपासून सुरुवात करावी, कारण त्यांची नोंद योजनेकडे आधीच आहे आणि त्यांना शोधत फिरावं लागणार नाही.

हे आपल्या परिस्थितीत जमेल का? देशातल्या 24 रुग्णालयांत, सुमारे चार हजार हृदयरुग्णांवर 'योगा-केअर' नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. झटक्यानंतर तीन महिन्यांत 13 सत्रांत योगावर आधारलेलं पुनर्वसन शिकवलं गेलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मृत्यू आणि नवे झटके कमी झाले, असं त्या चाचणीला ठामपणे दाखवता आलं नाही. पण रुग्णांना स्वतःची तब्येत अधिक चांगली वाटली आणि झटक्यापूर्वीची कामं ते जास्त प्रमाणात करू लागले. यंत्रांविना, गटात, साध्या खोलीत पुनर्वसन शिकवता येतं, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं.

माझी दुसरी मागणी जागेची आणि माणसांची आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट असावा आणि त्याच्या देखरेखीखाली आठवड्यातून तीन वर्ग चालावेत. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयापासून खालपर्यंत फिजिओथेरपीची तरतूद आहे. तिला जागा भरून जिवंत करायला हवं. आयुष्मान आरोग्य मंदिरांतले समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई रुग्ण निवडून पाठवू शकतात. जर्मनीत क्रीडामंडळं आहेत, तशा आपल्याकडे तालमी आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, बचत गट आहेत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर 1914 पासून उभं आहे. व्यायाम शिकवण्याची एवढी मोठी परंपरा असलेल्या राज्यात, त्या परंपरेतल्या निवडक तरुण-तरुणींना रुग्णांसाठीचं प्रशिक्षण देणं अवघड नाही. मात्र तपासणी आणि मात्रा ठरवणं पात्र व्यक्तीकडेच राहिलं पाहिजे. बसल्या जागी छातीत दुखणारा, रक्तदाब आवाक्यात नसलेला किंवा पायाला जखम असलेला मधुमेही थेट वर्गात उभा करता येत नाही. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने फिजिओथेरपीला राष्ट्रीय पातळीवर मान्यता आणि नियमन दिलं आहे. त्याचा उपयोग इथे व्हावा.

तिसरी मागणी प्रवासाची आणि बुडणाऱ्या रोजाची. एका सत्रासाठी तालुक्याला यायचं म्हणजे भाडं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी. भाड्याचा प्रश्न एसटीने बराच हलका केला आहे: 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून मोफत प्रवास आणि 2023 पासून सर्व स्त्रियांना निम्मं तिकीट. उरला रोज. वर्ग सकाळी लवकर किंवा बाजाराच्या दिवशी ठेवले आणि मालिका पूर्ण करणाऱ्याला थोडा भत्ता दिला, तर गळती कमी होईल. क्षयरुग्णाला उपचार चालू असताना आहारासाठी पैसे देण्याची पद्धत आपल्या देशाने स्वीकारलीच आहे.

खर्चाची चिंता करणाऱ्यांना मी सामानाची यादी सांगते: भक्कम खुर्ची, एक पायरी, रबरी पट्टे, घड्याळ, रक्तदाबाचं यंत्र, आखलेली तीस मीटरची मोकळी जागा. खरा खर्च माणसाच्या पगाराचा आहे, आणि तो इथल्याच मुलामुलींना मिळणार आहे. दरवर्षी आपल्या महाविद्यालयांतून फिजिओथेरपिस्ट बाहेर पडतात आणि त्यांतले पुष्कळ जण मोठ्या शहरांत किंवा परदेशात काम शोधतात. तालुक्यात पद असेल तर ते तालुक्यात थांबतील.

श्रोतेहो, धोरण बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. ज्यांना मधुमेह आहे, हृदयाचा विकार आहे, गुडघे दुखतात, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावं: माझ्यासाठी कोणता व्यायाम, किती, आणि कोणाच्या देखरेखीखाली? ते चिठ्ठीवर लिहून घ्यावं. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. तिथला खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी असतो, त्याची चौकशी करावी. योजनेतून शस्त्रक्रिया झालेल्यांनी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं, की पाठपुराव्यात काय काय मिळतं. आणि ग्रामसभेत, आमदारांच्या जनता दरबारात एक मागणी नोंदवावी: आमच्या तालुक्यात उपचार म्हणून व्यायामाचा वर्ग हवा, आणि त्याचे पैसे योजनेतून हवेत.

शस्त्रक्रियेचा हक्क आपण लोकांच्या रेट्यामुळे मिळवला. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उभं राहण्याचा आणि शक्य असेल तिथे शस्त्रक्रिया टाळण्याचा हक्कही तसाच मागावा लागेल. तो मागण्याची सुरुवात या गावातून व्हावी, एवढी विनंती करून मी थांबते.